करीमभाई आणि मिंगेलचे कोट

करीमभाई तांबोळ्यांनी माझी नोकरी वाचवली, आणि ती वाचवताना स्वतःचं पुष्कळ घालवलं. काय झालं ते पुढं येईलच. पण मला लिहायची सवय नाही, मधेच धीर सुटला तर निदान त्यांचं नाव तरी कागदावर राहावं, म्हणून ते पहिल्या ओळीत घातलं.

मी खानदेशातला, तापीकाठचा. वडील गेले तेव्हा सहावीत होतो, तिथंच शाळा सुटली. पुढं बरीच वर्षं मिळेल ते काम केलं, आणि मग देवी काढणारे, म्हणजे देवीची लस टोचणारे, हवेत असं कळल्यावर अर्ज केला. त्या कामाला सातवी पास लागे. साहेब म्हणाले, ‘हंगामी घेतो. काम चोख दिसलं तर कायम करू. वहीत कुठं खोट निघाली तर त्याच दिवशी घरची वाट.’ मला मुळशी तालुका दिला. मुळशी कुठं आहे हेही मला ठाऊक नव्हतं. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या एकट्याकडं डोळे लावून बसलेल्या. साहेबांचं ते शेवटचं वाक्य मी वर्षभर कानात घेऊन फिरलो.

पौडला एस.टी.तून उतरलो तेव्हा दुपार होती, ऊन मी म्हणत होतं, आणि समोर एक माणूस काळा कोट घालून पानं पुसत बसला होता. कोट साधासुधा नव्हे. पुढून आखूड, मागून चिमणीच्या शेपटीसारखे दोन लांब पदर, कॉलरला रेशमाची पट्टी. खाली मात्र पांढरा पायजमा आणि पायात गावठी वहाणा. चेहऱ्यावर देवीचे वण. मला वाटलं, लग्नाच्या बँडमधला असावा.

‘बँडवाले का तुम्ही?’ मी विचारलं.

‘न्हाई. पानवाला. बसा.’

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. खांद्याकडं पाहिलं. ‘ह्यो सदरा तुमचा न्हवं. कुनाचा हाय?’

‘मामाचा.’

‘मामा उजव्या खांद्यावर वझं घेत्यात. तिकडं कापड इरलंय. तुमी डावे हाय, पिशवी डाव्या खांद्याला हाय.’

मामा आयुष्यभर धान्याची पोती वाहत आलेले. परक्या गावात पाऊल ठेवल्या ठेवल्या कुणी माझ्या मामाला ओळखलं, आणि माझा जीव जरा थाऱ्यावर आला. त्याच संध्याकाळी दुकानामागची खोली त्यांनी मला राहायला दिली. ‘खोलीत बिऱ्हाड हाय, पर ते बोलत न्हाई,’ म्हणाले. बिऱ्हाड म्हणजे कोट. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक बांबू, त्यावर तेवीस कोट. कसर लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात तंबाखूचं पान आणि वाळलेला लिंबाचा पाला. मी त्यांच्याखाली अंथरूण घालत असे. पहिले काही दिवस वाटे, तेवीस साहेब रांगेनं उभे राहून माझी वही तपासताहेत.

त्या तेविसातले अकरा मिंगेलचे. मिंगेल हा पुण्याच्या कॅम्पातला गोवेकर कटर. करीमभाई तरणे असताना टोपलीत पानं घेऊन त्या शिवणाऱ्यांच्या दुकानाबाहेर बसत. तिथं काचेतून त्यांनी मिंगेलला पाहिलं. गोरा साहेब समोर उभा राही, मिंगेल टेप गळ्यातच ठेवून नुसता त्याच्याभोवती एक फेरी मारी, आणि मग खडू उचली. ‘कापडाला हात लावायच्या आदी मानसाला बगून घ्यायचा,’ करीमभाई सांगत. ‘ह्याचा एक खांदा पडलाय, ह्यो पोट आत वढून हुबा ऱ्हातोय, समदं बगायचा. आनि मग असा कोट कापायचा की ती खोड कुनाला दिसू नये.’ मिंगेलशी ते आयुष्यात एकदाच बोलले होते. मिंगेलनं पान मागितलं, चुना कमी सांगितला. एवढंच. पण त्याचं वर्णन करताना करीमभाईंचा आवाज खाली येई.

स्वातंत्र्य आलं, साहेब आपल्या देशी गेले, आणि त्यांचे कोट पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगानं येऊन पडले. करीमभाई पानं आणायला म्हणून पुण्याला जात आणि ढिगाशी उकिडवे बसत. कोटांकडं पाहतसुद्धा नसत. नजर तिसरीकडंच, हात ढिगात, आणि बोटं कॉलरच्या खाली. मिंगेल कॉलरच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याचे तीन टाके घालत असे, कुणाला दिसणार नाहीत असे. ते बोटाला लागले की करीमभाई उठून बाजारभर एक चक्कर मारत. ‘का?’ मी विचारलं होतं. ‘त्वांडावर दिसतंय माज्या. दुकानदाराला कळलं की संपलं.’ एकदा तेवढ्यानंही जमलं नाही, तेव्हा मनगटावरचं घड्याळ काढून देऊन कोट घेऊन आले. हमीदाबी, म्हणजे त्यांच्या घरच्या, म्हणाल्या, ‘आता वेळ कुनाला इचारायची?’ हे म्हणाले, ‘ह्या कोटाला घड्याळाचा खिसा हाय. बगू, त्यात काय निगतंय का.’

जमवून ठेवणारे लोक असतात, पेटीत घालून वर्षातून एकदा ऊन दाखवणारे. करीमभाईंना ते पटत नसे. पंधरवड्यातून एकदा तरी प्रत्येक मिंगेल अंगावर चढलाच पाहिजे असा त्यांचा नेम. ‘शिवनाऱ्यानं घालायसाटी शिवलाय. टांगायसाटी न्हाई.’ म्हणून ते शिकारीच्या कोटात म्हैस धुवायला नदीवर जात, मेजवानीच्या कोटात सुपारी कातरत. दिवसभर कात-चुन्यात हात, पण बाहीला कधी ठिपका नाही. पावसाळ्यात तर बघायलाच नको. मुळशीचा पाऊस म्हणजे आठ-आठ दिवस आभाळ फुटल्यासारखा. डोक्यावर बांबूचं इरलं, त्याखाली रेशमी कॉलरचा कोट, आणि पायजमा गुडघ्यापर्यंत खोचलेला, असे ते चिखलातून दुकानाकडं येताना मी पाहिले आहेत. हसायला यायचं, पण ते जवळ आले की हसू बंद व्हायचं. कोट असा बसलेला असायचा की माणूस सरळच दिसायचा.

टोमणे मारणारे होतेच. शाळेचे हेडमास्तर रोज पान खायला येत आणि रोज काही बोलल्याशिवाय जात नसत. एक दिवस म्हणाले, ‘करीमभाई, आज घातलाय तो बाईचा आहे. बटणं उलट्या बाजूला आहेत.’ दुकानापुढं चार माणसं होती, ती हसली.

‘व्हय, बाईचाच हाय,’ करीमभाई पानाला कात लावता लावता म्हणाले. ‘ती घोड्यावर बसायची, म्या पाटावर बसतोय. कोटाची तक्रार न्हाई. तुमची हाय का?’

हेडमास्तरांनी पान तोंडात घातलं.

दुसरा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा. धरणावरचे एक म्हातारे पारशी इंजिनियर पौडातून जाताना पानासाठी थांबले. पान घ्यायला हात पुढं केला तो तसाच राहिला. करीमभाईंच्या अंगावर त्यांचाच कोट होता, कधीकाळी नोकराला दिलेला. मला वाटलं, आता चोरीचा आळ येतो. करीमभाईंनी हात पुसले, कोट उतरवला आणि मागं उभं राहून, जसा मिंगेल धरत असेल तसा, तो त्यांच्यापुढं उघडून धरला. ‘घालून बगा, सायेब.’ म्हाताऱ्यांनी हात घातले. बटण काही लागेना. बराच वेळ ते कॉलरवरून बोटं फिरवत राहिले. मग काढून परत दिला. ‘तुमच्यावर बरा दिसतो,’ म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. त्या दिवशी करीमभाईंनी जेवताना दोनदा भात मागून घेतला.

मला ते ‘मास्तर’ म्हणत. सहावीत शाळा सोडलेल्याला मास्तर म्हटल्यावर सुरुवातीला टोचायचं. पण ते थट्टेनं म्हणत नसत. मी वाड्या-वस्त्यांवरून थकून आलो की विचारत, ‘मास्तर, आज किती दंड टोचलं?’ मी आकडा सांगे. त्यांच्या नातीला, मुन्नीला, देवी काढली तेव्हा त्यांनीच तिचा हात धरला होता. ‘बग मुन्ने,’ म्हणाले, ‘मला कुनी टोचलं न्हाई, तर ह्यो चेहरा झाला. तुला मास्तरनं वाचवलं.’

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

पौडच्या वर डोंगराच्या पोटाला एक वाडी आहे. तिथलं सगळ्यात शेवटचं घर ठाकूआजीचं. ती आणि तिचा सहा वर्षांचा नातू नाम्या, दोघंच. मी वाडीत गेलो तेव्हा तिच्या दाराला कडी होती. बाकीची वाडी टोचून झाली होती, उन्हं उतरली होती, आणि दुसऱ्या दिवशी वही पुण्याला पाठवायची होती. आमच्या यादीत नाम्याचं नाव होतं. त्या नावापुढं मी बरोबरची खूण केली. पुढच्या फेरीत टोचून टाकू, असं मनाशी म्हणालो. पुढची फेरी मी त्या डोंगरावर केलीच नाही.

चैत्रात एका सकाळी ठाकूआजी दुकानाशी आली आणि पाच विडे मागू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. तिसऱ्या दिवशी करीमभाईंनी विचारलं, ‘आजे, घरात कुनी खानारं न्हाई. इडं कुनाला?’ ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. त्यांनी ओळखलं. घरात देवी आल्या की देवीला रोज विडा ठेवायचा असतो. डहाळा दाराला बांधला की गावाला कळतं, म्हणून तिनं लिंबाचा डहाळा आत पोराच्या उशाशी ठेवला होता. कळलं की सरकारची गाडी येते आणि पोराला पुण्याला नेऊन वेगळं ठेवते, एवढंच तिला माहीत होतं. मुलगा आणि सून तिनं आधीच घालवलेले.

करीमभाई तिच्याबरोबर वर गेले. देवी ज्याला एकदा येऊन गेल्या तो माणूस देवीच्या घरात जाऊ शकतो, आणि विडा घेऊन येणाऱ्या तांबोळ्याला तर दारात अडवत नाहीत. त्या दिवशी अंगावर मिंगेलचा तो काळा, दोन शेपटांचा कोट होता. नाम्यानं दोन दिवस पाण्याचा घोट घेतला नव्हता. करीमभाईंनी त्याला मांडीवर घेतलं. पोरानं डोळे किलकिले करून कोटाचं बटण मुठीत धरलं आणि वाटीभर पाणी प्यायलं.

ठाकूआजी म्हणाली, ‘आता रोज ह्याच कापडानं ये. देवीआईनं तुला ह्याच कापडात वळखलंय. दुसरं घालून आलास तर तिचा राग हुईल.’

म्हणून ते रोज तोच कोट घालून वर जात, आणि घरी येऊन तोच कोट बांबूवर, बाकीच्यांच्या मधे, टांगत.

पहिल्या दिवशी परत आल्यावर त्यांनी मला खोलीत गाठलं. कोट काढता काढता विचारलं, ‘मास्तर, तुज्या बुकात ठाकूच्या नाम्याचं नाव हाय का?’

‘आहे.’

‘टोचलं व्हतं?’

मी पिशवी आवरत राहिलो. ते म्हणाले, ‘टोचल्यावर बी येत्यात व्हय?’

त्यांनी कोट बांबूवर सरळ केला, खांद्याची घडी बोटांनी नीट केली आणि बाहेर गेले. पुन्हा विचारलं नाही.

आम्हाला पुण्यात शिकवलं होतं: रोग्याचं अंथरूण, कपडे, आणि जो त्याला हात लावेल त्याचेही कपडे, उकळायचे नाहीतर जाळायचे. खपल्यांची धूळ कापडात राहते, आणि कापडाला लागून कापडात जाते. हे मला पाठ होतं. करीमभाईंना ते माहीत असायचं कारण नव्हतं. आणि मला ते बोलायचं, तर त्याच तोंडानं नाम्याची खबर वर द्यावी लागणार होती. खबर गेली की वही उघडणार, खूण दिसणार, आणि मी त्याच दिवशी घरची वाट धरणार. मी तोंड मिटून राहिलो. अंथरूण तेवढं ओसरीवर आणलं, उकडतं म्हणून. मला स्वतःला रोगाची भीती नव्हती, माझ्या दंडावर चार वण होते. मला त्या कोटांकडं बघवत नव्हतं.

तीन दिवस असे गेले. करीमभाई सकाळी दुकानात पानं लावत, गावचं येणारं-जाणारं त्यांच्या हातचं पान खाई, मग ते कोट चढवून डोंगर चढत. परत आले की पोर कालच्यापेक्षा बरं आहे की वाईट, एवढंच सांगत. मी मान हलवी. मी अर्ध्या ताटावरून उठे. हमीदाबींना वाटलं, मला घरची आठवण येते.

चौथ्या दिवशी दुपारी मी आलो तर खोलीचं दार उघडं. आत मुन्नी, आणि शेजारच्या न्हाव्याचं रांगतं पोर, सात-आठ महिन्यांचं, अजून टोचायचं राहिलेलं. मुन्नी त्या काळ्या कोटाचं शेपूट त्याच्या तोंडावर ओढी, सोडी, आणि ‘बाळ कुटं गेलं?’ म्हणे. पोर खिदळत होतं. त्यानं शेपटाचं टोक तोंडात धरलेलं होतं.

मी ते पोर उचललं आणि बाहेर आलो. दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच मी करीमभाईंना म्हणालो, ‘आत या.’ ते आले. मी सगळं सांगितलं. कोटाचं, धुळीचं, कडी लावलेल्या दाराचं, वहीतल्या खुणेचं.

ते बांबूकडं बघत उभे होते. ‘किती कोट?’ म्हणाले.

‘एकत्र टांगलेले सगळे.’

‘उकळून चालंल?’

‘चालेल. नाहीतर जाळावे लागतील.’

‘मंग उकळू. जळलेला कोट घालता येत न्हाई.’ आणि मग, दाराशी गेल्यावर, मागं न वळता: ‘तू पयलं ते पोर टोच. मंग खबर धाड. मंग गाव टोचायला घे. रडत बसू नगंस, येळ न्हाई.’

त्यांच्या मेव्हण्याच्या गुऱ्हाळातली एक फुटक्या काठाची काहील पडून होती. ती बैलगाडीतून नदीकाठी आणली. मी न्हाव्याचं पोर टोचून, खबरीचा कागद कचेरीत देऊन तिकडं गेलो तोवर पाण्याला कढ आला होता. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक कोट उचलायचा, खिशातलं तंबाखूचं पान काढून जाळात टाकायचं, कॉलरखाली बोट फिरवायचं, आणि पाण्यात सोडायचा. मिंगेलचे अकरा शेवटी. पाणी आधी चहासारखं झालं, मग काजळासारखं. लोकरीचा कोट उकळत्या पाण्यात गेला की आवळत जातो आणि आतलं कडक कापड सुटून वर येतं. कोटांच्या छातीवर फोड आले. करीमभाई लांब काठीनं त्यांना खाली दाबत होते, ते पुन्हा वर येत होते, बाह्या पसरून. घामानं त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता. इतक्या दिवसांत बिनकोटाच्या त्यांच्याकडं मी प्रथमच नीट पाहत होतो. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. मला ते कधी दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून साहेब जीप घेऊन आले. चावडीत सगळा गाव जमला. साहेबांनी माझी वही उघडली, नाम्याच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘इथं टोचल्याची खूण आहे. मुलाला देवी आल्या आहेत. हे कसं?’

मी खरं सांगणार होतो की नाही, हे आज मलाही सांगता येत नाही. करीमभाई पुढं आले.

‘सायेब, ह्यांचा काय दोस न्हाई. म्हातारीनं दुसऱ्याचंच पोर नाम्या म्हनून पुढं क्येलं. टोचायला भ्याली. ह्यांना बाहेरगावच्याला काय वळखू येनार?’

साहेबांनी ठाकूआजीकडं पाहिलं. ती करीमभाईंकडं बघत होती. मग तिनं मान हलवली. वाडीतली माणसंही होती तिथं. कुणी बोललं नाही.

‘आणि देवी आल्याचं तुम्हाला कधी कळलं?’

‘पाच दीस झालं. म्याच म्हातारीला म्हनलं, गप ऱ्हा. म्याच जात व्हतो, म्याच कोट घरी आनून टांगला. मास्तरला काल कळलं. कळल्याबरोबर त्यांनी खबर दिली आनि पोरं टोचायला घेतली.’

‘लोकांना पानं खायला घालत होता तुम्ही. त्याच हातांनी.’

‘व्हय, सायेब.’

‘गावाचा जीव घेतला असता. जुन्या कोटांच्या हौसेपायी.’

‘व्हय, सायेब.’

ते ‘व्हय’ म्हणत होते आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. साहेबांनी दीड महिना दुकान बंद ठेवायचा हुकूम दिला. माझ्याकडं वळून म्हणाले, ‘तुम्ही वेळेवर हललात.’ हे पुढं माझ्या कागदांवर तसंच आलं.

चार दिवसांत मी सगळं पौड आणि सगळी वाडी टोचली. एकही दार सोडलं नाही, कडी असली तर उंबऱ्यावर बसून राहिलो. दुसऱ्या कुणाला देवी आल्या नाहीत. नाम्या जगला. त्याच्या एका डोळ्यात फूल पडलं, तो डोळा गेला. ती माझी खूण आहे.

एकदा नदीवर दोघंच असताना मी करीमभाईंना विचारलं, का असं केलंत. ते म्हैस घासत होते. ‘तुला घालवला असता तर दुसरा आला असता. त्यानं बी कडी बगून बुकात खून क्येली असती. तू आता करनार न्हाईस.’ एवढंच म्हणाले आणि म्हशीला दुसऱ्या अंगावर वळवलं. हमीदाबींनी तर मला एका वाक्यात गप्प केलं. मी ताटावर नुसता बसलो होतो, त्या म्हणाल्या, ‘तुमची नोकरी ऱ्हायली न्हवं? मंग भाकरी मोडा.’

दीड महिन्यानं दुकान उघडलं, पण गिऱ्हाईक आलं नाही. तांबोळ्यानं कोटापायी गाव मारला असता, हे गावभर झालं होतं. लग्नसराई होती, विड्यांची पानं लोक घोटावड्याहून आणू लागले. हेडमास्तरसुद्धा समोरून छत्री आडवी धरून जात. मी रोज ठरवत असे, आज बोलायचं. दुकानाच्या फळीवर उभं राहून सांगायचं, चूक कुणाची ते. आणि रोज, पैसे कधी धाडतोस असं विचारणारं आईचं पत्र आठवे. वर्ष संपलं, माझा कायमचा हुकूम आला, आणि त्यात बदली नगर जिल्ह्यात.

निघायच्या दिवशी बाजार होता. मी गाडीत बसलो आणि खिडकीतून ते दिसले. दुकानात बसले होते. अंगावर मिंगेलचा कोट, त्या काहिलीतून निघालेला. बाह्या कोपरापर्यंत आलेल्या, पुढची दोन्ही पाखं छातीवर भेटत नव्हती, रंग राखेसारखा, कॉलर वाकडी. त्यांनी तो चढवला होता आणि ताठ बसले होते. समोरून बाजारची माणसं जात होती, पोरं बोट दाखवत होती. करीमभाईंनी एक पान उचललं, पुसलं, शीर काढली, चुना लावला, कात लावला, सुपारी घातली, चार घड्या केल्या, लवंग टोचली आणि ताटात ठेवलं. कुणी मागितलं नव्हतं. मग दुसरं पान उचललं. गाडी वळेपर्यंत त्यांनी तीन विडे लावले. माझ्याकडं पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.

त्याला आता पाच वर्षं होतील. मी कायम आहे, बहिणींची लग्नं झाली, आई माझ्याजवळ असते. नोकरी अजून जाऊ शकते, हे मला माहीत आहे. पण करीमभाई, तुम्ही हयात असतानाच मी येणार. बाजाराच्याच दिवशी येणार, तुमच्या दुकानापुढं उभा राहणार, आणि नाम्याला शेजारी घेऊन सगळ्या पौडाला ऐकू जाईल असं सांगणार, की ती खूण माझ्या हातची होती. त्यानंतर तुमच्या हातचं पान मागेन, आणि सगळ्यांच्या देखत खाईन.